लाल दोऱ्याची कात्री

मेश्रामबाईंना जाऊन तीन वर्षं झाली आणि माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला बसले तर मला दिवस पुरणार नाही. तेच तर माझं दुखणं आहे. ज्या बाईकडून मी सगळं शिकले, त्याच बाईनं मला फसवलं. फसवलं हाच शब्द. याहून मऊ शब्द मी बरेच दिवस शोधला, मिळाला नाही.

मी लोणी काळभोरची. लग्न होऊन हडपसरला आले तेव्हा बारावी झालेली होते आणि घरात बसून नुसत्या भाकऱ्या थापायचा मला कंटाळा यायचा. आमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या वसाहतीत बुद्धविहार होता. त्याच्या मागच्या लांबट खोलीत बालवाडी भरायची आणि ती मेश्रामबाई चालवायच्या. त्यांना हाताखाली कुणीतरी हवं होतं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, विहारातली बालवाडी म्हणून. पुढं त्यांनीच हट्टानं नातीला, म्हणजे माझ्या पल्लवीला, तिथंच घातलं. ते श्रेयही बाईंचंच.

बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा इथल्या कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आल्या आणि पुण्याची भाषा सोडून बाकी सगळं त्यांनी उचललं. इतकी वर्षं इथं काढून त्या 'हो' म्हणत नसत, 'हाव' म्हणत. आमच्याकडून पहिलीत गेलेली निम्मी मुलं नव्या शाळेत 'हाव' म्हणायची, आणि तिथल्या बाईंचे निरोप यायचे की तुम्ही मुलांना नक्की कुठली भाषा शिकवता. उंच, काटकुळ्या, निळ्या काठाची पांढरी सुती साडी, पदर खोचलेला, आणि कमरेला कायम एक ओला रुमाल. अंबाड्यात कागदाचा एखादा कपटा अडकलेला असायचाच. एकदा एका लग्नात त्या तशाच जेवायला बसल्या होत्या, अंबाड्यात पिवळा त्रिकोण घेऊन. मी खुणेनं सांगितलं तर म्हणाल्या, "राहू दे, शोभते."

बाई मुलांना अक्षरं शिकवत नसत. आकडेही फारसे नाहीत. त्या चाल शिकवत. लाल, लाल, पिवळा, लाल, लाल, पिवळा, पुढं काय? इंग्रजी शाळांत याला पॅटर्न म्हणतात. बाईंच्या लेखी ती ओळीची चाल. मुलानं स्वतः कागद कापायचा, तुकडे लांब पट्टीवर ओळीनं चिकटवायचे आणि चाल मोडू द्यायची नाही. "ज्याले चाल समजली त्याले पाढा समजते, गाणं समजते, विणकाम समजते," असं त्या म्हणायच्या. "नाही समजली तं बिचारं नुसतं पाठ करत बसते."

माझा पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. आदल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, उद्या त्रिकोण आणि चौकोन. मी घरून रंगीत कागदाचे त्रिकोण आणि चौकोन कापूनच आणले. एकसारखे, सुबक, तीस मुलांना पुरतील एवढे. डबा उघडून मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले. बाईंनी एक त्रिकोण उचलला, उजेडात धरला, परत ठेवला.

"हात चांगला आहे तुहा," त्या म्हणाल्या. "पण हे तं तू केलं. आता पोट्ट्यायनं काय करावं? चाटावं?"

"आवो पण बाई, लई टाईम जातो त्यांचा कापण्यात. वाकडंतिकडं कापत्यात."

"जाऊ दे ना टाईम. कापता कापताच तं डोक्यात शिरते. ज्यानं कापलं नाही त्यानं नुसतं लावलं, त्याले चाल दिसत नाही, रंग दिसते." मग माझा हात धरून म्हणाल्या, "मंगल, मले एक वचन दे. पोराच्या हातात कापलेला कागद कधी द्यायचा नाही. कितीबी घाई असो."

मी वचन दिलं. माझ्या त्रिकोणांचं त्यांनी दाराला तोरण करून लावलं, म्हणजे ते वायाही गेले नाहीत आणि माझी जिरलीही. ते वचन मी आजवर पाळलं आहे. कुणी मोडलं ते पुढं येईलच.

आमच्याकडं कात्र्या सात आणि मुलं तीस. मोठ्या रस्त्यावरच्या शिंप्याच्या टाकाऊ कात्र्या आणून, धार लावणाऱ्याकडून त्यांची टोकं गोल घासून घेतलेली. प्रत्येकीच्या मुठीला वेगळ्या रंगाचा दोरा गुंडाळलेला, म्हणजे भांडण नको: आज तुझी निळी, उद्या तुझी हिरवी. लाल दोऱ्याच्या कात्रीनं समीर नावाच्या एका पठ्ठ्यानं खराट्याची तार कापून पाहिली होती. तेव्हापासून तिच्या पात्याला दाता पडला होता आणि तिनं कापलेल्या प्रत्येक कागदाला एका जागी बारीक खाच पडायची. मी म्हटलं, टाकून देऊ या. बाई म्हणाल्या, "दात पडला म्हणून माणसाले टाकते का कोणी?" आणि स्वतःच्या तोंडातली फट दाखवून हसल्या.

चिकटवायला मैद्याची खळ. ती रोज सकाळी स्टोव्हवर बाई स्वतः शिजवायच्या. बाजारातला डिंक आणा, ट्यूब आणा, असं मी पुष्कळदा सुचवलं. खळीला वास येतो, मुंग्या लागतात, दोन-चार मुलं तर ती सरळ चाटायची. बाई ऐकत नसत. कारण मला दोन महिन्यांनी कळलं. दीक्षा नावाची एक मुलगी होती, चार वर्षांची, गंभीर चेहऱ्याची. तिनं पट्टी केली: लाल, लाल, पिवळा, लाल, लाल, पिवळा, आणि मग लाल, पिवळा. मी सांगायला पुढं झाले तर बाईंनी माझा पदर धरून मागं ओढलं. पट्टी तशीच भिंतीवर लावली. चुकीची पट्टी, सगळ्यांच्या देखत, सहा दिवस. मला तिकडं बघवेना. शनिवारी नेहमीप्रमाणे प्रत्येक मूल आपापल्या पट्टीपुढं उभं राहिलं. दीक्षानं पट्टीवरून बोट फिरवलं, ते त्या जागी थांबलं. पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. मग तिनं मागं वळून हात पुढं केला. बाईंनी कमरेचा ओला रुमाल काढून तिच्या हातात दिला. दीक्षानं रुमाल त्या पिवळ्या तुकड्यावर दाबून धरला, अलगद तुकडा सोडवला, मध्ये एक लाल लावला आणि पिवळा पुन्हा चिकटवला.

"खळ असली की चूक निघते," बाई मला म्हणाल्या. "तुह्या त्या ट्यूबनं लावली असती तं फाटली असती."

त्या वर्षांत हडपसर बदलत होतं. काही कारखान्यांचे भोंगे बंद पडले आणि पलीकडं खराडीला उसाच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या. आमच्या मुलांचे बाप कारखान्यांत होते; आता मुलांच्या आया त्या काचेच्या इमारतींत साफसफाईला जायला लागल्या. समीरची आई अशाच एका कॉम्प्युटरच्या ऑफिसात होती. एक दिवस ती डोक्यावर गठ्ठा घेऊन आली: मशिनीवर छापायचा तो लांबच लांब घड्यांचा कागद, कडेनं छिद्रं आणि आडवे हिरवे-पांढरे पट्टे. ऑफिसानं टाकून दिलेला. बाईंना खजिना सापडला. "अगं, हा तं चालीचाच कागद आहे!" असं म्हणून त्या गठ्ठ्यावर हात फिरवत बसल्या.

दुसऱ्याच दिवशी समीरनं त्या कागदाच्या उभ्या पट्ट्या कापल्या, शेजारी शेजारी मांडल्या आणि सहज एक पट्टी जराशी खाली सरकवली. हिरव्याशेजारी पांढरा, पांढऱ्याशेजारी हिरवा. मग एक सोडून एक पट्टी सरकवत गेला. बुद्धिबळाचा पट तयार झाला. बाई त्याच्यापुढं मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "मले शिकव." कुणी मूल काही नवं करून बसलं की त्या हेच म्हणायच्या, आणि खोटं नाही, खरोखर शिकायच्या. त्या दिवशी तेवढ्यावर भागलं नाही. त्या बाहेर गेल्या आणि विहाराच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसलेल्या अण्णांना हाताला धरून घेऊन आल्या. अण्णा विहार समितीचे सेक्रेटरी, निवृत्त पोस्टमास्तर, अत्यंत तिरकस माणूस.

"छत्तीस वर्षं टपालखात्यात काढली," समीरपुढं जमिनीवर टेकत अण्णा म्हणाले. "एवढं एकच राहिलं होतं."

पण बसले, कापलं आणि चिकटवलंही. तिसऱ्या ओळीत चुकले. समीर सांगायला तोंड उघडणार तोच बाईंनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि ती चूक भिंतीवर लागली, खाली नावासकट: अण्णा. आठवडाभर सगळी वसाहत येऊन बघून गेली. शनिवारी अण्णा आले, पट्टीपुढं उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, आपला तो सुप्रसिद्ध रुमाल मिळेल का?" त्यानंतर बालवाडीच्या विरोधात समितीत कुणी बोललं की अण्णा त्याला आधी एक पट्टी चिकटवून दाखवायला सांगायचे.

अशी बाई. आता पुढचं.

खराडीचीच एक कंपनी होती, मुलांच्या शिक्षणाची साधनं तयार करणारी. त्यांचे दोघं जण एका सकाळी आले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेला एक तरुण आणि त्याच्याबरोबर एक मुलगी, दोघंही बोलायला गोड. भिंतीचे फोटो काढले, "अमेझिंग" म्हणाले. तरुण बाईंना सांगायला लागला, "मॅम, हे म्हणजे कोडिंगचा बेसच आहे. आम्हाला हे सगळं रेडीमेड करता येईल. पीसेस आधीच कट केलेले, मागं स्टिकर. पेरेंट्सना घरी पसारा नको असतो."

बाईंनी शांतपणे त्याच्या हातात निळ्या दोऱ्याची कात्री दिली. "गोल कापा."

त्यानं कापलं. गोलाचं अंडं झालं. "सॉरी मॅम, सवय नाही."

"एवढं कॉम्प्युटर शिकवलं तुमाले," बाई म्हणाल्या, "अन् कात्री धराले कोणी शिकवलं नाही? बसा. पोट्टे येतीलच आता, ते शिकवतील."

ते दोघं हसत हसत निघून गेले. मी दोन दिवस हसत होते. घरी, शेजारी, माहेरी, ज्याला त्याला ते अंडं रंगवून सांगितलं. ते पुन्हा आले होते, एकदा नाही, चांगले तीन-चारदा, बाईंच्या घरी, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी बाई म्हणाल्या, "मंगल, वरून तपासणी येणार आहे म्हणते. आपल्या चाळीस चालींचा एक संग्रह करून देशील? तुह्यासारखा हात माहा राहिला नाही."

मी हरखले. त्या मे महिन्यात मी माहेरीसुद्धा गेले नाही. दुपारची जेवणं झाली की पंख्याखाली सतरंजी टाकायची आणि कागद घेऊन बसायचं. पंखा बंद करावा लागायचा, तुकडे उडतात म्हणून. घामानं निथळत मी कापत होते. पल्लवी तेव्हा आठ वर्षांची. तिनं आंब्याच्या पानांची चाल मागून घेतली. दोन पानं, एक फूल. दोन पानं, एक फूल. बालवाडीतून मी लाल दोऱ्याची कात्री आणली होती, ती तिनं पटकावली. साहजिकच प्रत्येक पानाच्या देठाजवळ खाच पडत गेली. मी म्हटलं, "आगं, तपासणीला द्यायचंय, दुसरी घे." तर म्हणते, "बाई म्हणतात, दात पडला तरी चालतं." मग मीही ती तिच्याच हातात राहू दिली.

जूनमध्ये संग्रह बाईंच्या हातात दिला. त्यांनी हात पुसले आणि एकेक पान उलटत गेल्या. आंब्याच्या पानांपाशी थांबल्या.

"पोरीनं कापली?"

"हाव," मी त्यांच्याच सुरात म्हटलं.

त्यांनी संग्रह मिटला आणि माझ्याकडं न बघता कपाटात ठेवला. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. माणूस आपल्याला हवं तेच बघतो.

तपासणी काही आली नाही. जून गेला, गणपती गेले. मी विचारलं की बाई म्हणायच्या, "सरकारी काम आहे बाप्पा." दिवाळीनंतर बालवाडीच्या शिक्षिकांचं एक शिबिर भरलं, एका मोठ्या सभागृहात. आम्हालाही बोलावणं होतं. बाई म्हणाल्या, तू पुढं हो, मी मुलाकडून परस्पर येते. त्यांचा मुलगा आनंद तेव्हा खराडीला नोकरीला लागला होता. मी आसपासच्या वस्त्यांतल्या तिघी शिक्षिकांबरोबर सातव्या ओळीत बसले. शेजारची जागा बाईंसाठी पिशवी ठेवून अडवली होती.

पडदा सरकला. स्टेजवर एक भलामोठा रंगीत डबा आणि डब्यावर बाईंचा फोटो. मागच्या फलकावर लिहिलं होतं: ना कात्री, ना खळ, ना पसारा. मग बाई स्वतः आल्या. रेशमी साडी. अंबाड्यात कपटा नाही. त्यांनी डब्यातून एक ताव काढला, कापून तयार असलेला त्रिकोण सोलला आणि पट्टीवर दाबला. तो गोड बोलणारा तरुण माईकवर म्हणाला, "किती सोपं ना, मॅम?"

"हो," बाई म्हणाल्या.

हाव नाही. हो. छान, स्वच्छ, पुणेरी हो. डबा पाहून मला जेवढा धक्का बसला नव्हता तेवढा त्या 'हो'चा बसला. शेजारची मला कोपरानं ढोसून म्हणाली, "तुमच्या बाई ना? भाग्यवान आहात हो." मी मान हलवली आणि शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

निघताना प्रत्येकीला एकेक डबा दिला. बसमध्ये मी तो उघडला. चाळीस चाली होत्या, माझ्याच क्रमानं. आंब्याच्या पानांचा ताव बाहेर काढला. प्रत्येक पानाच्या देठाजवळ एक बारीक खाच होती. मशीननं कापलेली, एकसारखी, नेटकी खाच. पल्लवीची पानं त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती. त्यांना वाटलं असणार, आंब्याचं पान असंच असतं. आता ती खाच डब्याडब्यातून गावोगाव जाणार होती आणि तिच्यामागची मुलगी घरी दप्तर भरत बसली होती. डब्याच्या मागं छापलं होतं, संकल्पना: रत्नमाला मेश्राम. मला नावाचं काही नव्हतं असं मी त्यानंतर सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. होतं.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी मी बालवाडीत गेले. बाई स्टोव्हवर खळ ढवळत होत्या, रोजच्यासारख्या, रोजच्याच साडीत.

"बाई, तपासणी होती का?"

"नव्हती."

"मग माझ्याशी खोटं काहून बोललात?" तोंडातून त्यांचाच शब्द निघाला.

त्या ढवळत राहिल्या. "खरं सांगतलं असतं तं तू करून दिलं असतं?"

"न्हाई. मेले असते तरी न्हाई."

"मंग."

एवढंच. मंग. या बाई एका शब्दात हिशेब मिटवून मोकळ्या झाल्या होत्या. ढवळता ढवळताच म्हणाल्या, "आपल्या खोलीत तीस पोट्टे, मंगल. मी आली तवाबी तीसच होते. तो डबा कुठं कुठं जाईल. अर्धी चाल तरी पोचंल ना?"

"अर्धी चाल म्हणजे चाल न्हवं. ह्ये मी न्हाई म्हणत, तुम्ही म्हणलाय. हात धरून वचन घेतलं व्हतं माझं."

"घेतलं होतं." त्यांनी मान खाली घातली. मग इतक्या हळू बोलल्या की स्टोव्हच्या आवाजात मला जेमतेम ऐकू आलं: "मलेबी वाटते गं. कोणीतरी नाव घ्यावं."

हे एक वाक्य त्यांनी एप्रिलमध्ये म्हटलं असतं तर मी चाळीस काय, चारशे पट्ट्या कापून दिल्या असत्या, वचन मोडून, रडत का होईना पण दिल्या असत्या. त्यांनी माझ्यापाशी मागितलं नाही. माझ्या हाताचं कौतुक केलं आणि काढून घेतलं. त्या दिवशी खळ तळाला लागली, तशीच वापरली.

डबे आमच्याकडंही आले, कंपनीची भेट म्हणून. भिंत धुऊन रंगवून घेतली. कात्र्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटावर गेल्या. मुलं एक ताव दहा मिनिटांत संपवायची आणि आमच्या तोंडाकडं बघायची, "आता?" बाई त्यांना गाणी म्हणून दाखवत. माझ्याशी त्या नेहमीसारखं बोलत, मी कामापुरतं. वर्ष संपलं तशी मी काम सोडलं आणि लोणीलाच, माहेरच्या गावी, एका छोट्या शाळेत लागले. जाण्याच्या दिवशी स्टुलावर चढून डबा काढला आणि लाल दोऱ्याची कात्री पर्समध्ये टाकली. न विचारता. चोरी म्हणा हवं तर. माझ्या वर्गात मुलं अजून कापतात, खळीनं चिकटवतात आणि शनिवारी ओला रुमाल मागतात.

बरीच वर्षं गेली. मग एकदा अण्णांचा फोन आला. बाई पडल्या होत्या, आता मुलाकडं असतात म्हणाले. "जाऊन या."

"मला नाही जमायचं, अण्णा."

"माफ करा असं कुठं म्हणतोय? भांडायला जा. त्यांच्याशी भांडायला तिथं कुणी नाही."

गेले. पर्समध्ये कात्री होती. ती त्यांच्यापुढं टेबलावर ठेवायची आणि एक अक्षर न बोलता निघून यायचं, असं मी बसमध्ये पक्कं केलं होतं. खराडीचा अकरावा मजला. दार आनंदच्या बायकोनं उघडलं. बाई खिडकीजवळ खुर्चीत होत्या, निम्म्या झालेल्या. शेजारी टेबलाशी सहा-सात वर्षांची नात, आर्या. टेबलावर तोच डबा, नव्या रंगातला, बाईंचा फोटो काढून टाकलेला. आर्यानं दोन पानांनंतर फुलाऐवजी तिसरं पान चिकटवलं होतं. बाई पाण्याच्या ग्लासात पदराचं टोक बुडवत होत्या आणि त्या पानावर घासत होत्या. हात कापत होता.

"आजी, राहू दे ना," आर्या म्हणाली. "दुसरी शीट आहे."

बाईंनी मान वर केली. मला पाहिलं. 'आलीस का' नाही, 'कशी आहेस' नाही, जणू मी आत्ताच खळीचं भांडं घासायला बाहेर गेले होते.

"निघत नाही गं, मंगल."

"खळ असती तर निघालं असतं," मी म्हटलं. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्या एका वाक्यात आलं, आणि ते वाटलं होतं तेवढं टोचून आलं नाही.

"हाव," बाई म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून बसले. चहा आला. पल्लवीची चौकशी झाली. ती नोकरीला लागली हे ऐकून त्यांनी मान डोलावली. मग एकदम म्हणाल्या, "लाल दोऱ्याची कात्री तूच नेली ना?"

"हो."

"कापते अजून?"

"कापते. खाच पडते."

"पडू दे," त्या म्हणाल्या, आणि पदर पुन्हा पाण्यात बुडवला.

पर्स माझ्या मांडीवर होती. मी चेन उघडली, आत हात घातला, मुठीला गुंडाळलेला दोरा बोटांना लागला. कात्री बाहेर काढली असती तर त्यांनी हात पुढं केला असता हे मला माहीत होतं. आणि तो कापणारा हात बघितल्यावर मला राग धरता आला नसता. मी चेन लावून टाकली. माफ केलं असं इथं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मी म्हटलं, "येते, बाई." त्या "ये" म्हणाल्या, वर न बघता.

लिफ्टची वाट बघत मी उभी होते आणि दार अजून उघडंच होतं. आर्या कंटाळून आत निघून गेली होती. बाई एकट्याच टेबलावर वाकून घासत होत्या. उठताना मी पाहिलं होतं, घासून घासून पानाचा हिरवा रंग गेला होता, खालच्या कागदाला भोक पडलं होतं, आणि देठाजवळची ती खाच मात्र जागच्या जागी चिकटून होती. त्यांनी पदर पुन्हा पाण्यात बुडवला. तेवढ्यात लिफ्ट आली.